देविदासचा आवाज

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. अब्बांनाही नाही, आणि आता तर ते राहिलेही नाहीत. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगवतंय की काय? कोण जाणे.

महागाव तालुक्यातल्या एका गावात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. अब्बा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. मला ते ऑइलचे काळे हात नको होते, म्हणून मी हे धरलं. सातबारा, निकालाच्या प्रिंटा, शिष्यवृत्तीचे फॉर्म. आणि एक काम मला फार छान जमायचं — स्क्रीनचं रेकॉर्डिंग. फॉर्म कसा भरायचा हे पोरापोरींना सांगून सांगून घसा बसायचा. म्हणून मी एकदाच बोलत बोलत भरून दाखवायचो, स्क्रीनवर जे होतंय ते रेकॉर्ड करायचो आणि त्यांच्या पेनड्राइव्हवर टाकून द्यायचो. त्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजासाठी एक वेगळी चौकट असते. तिच्यावर टिक करायची राहिली, की चित्र येतं, आवाज येत नाही. नवशिके हमखास विसरतात. मी कधी विसरलो नाही. एकदाही नाही.

हे एवढं बारीक सांगतोय, कारण माझं खोटं त्याच चौकटीत बसवलेलं आहे.

कपाशीची ती वाईट वर्षं होती. अळी औषधाला दाद देत नव्हती, आणि लोक औषधात औषध कालवून फवारत होते. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती. फवारणाऱ्याच्या तोंडावरच सगळं उडायचं. देविदास आमच्या गावाबाहेरच्या वस्तीत राहायचा, रोजानं फवारणीला जायचा. बुटका, अंगानं मजबूत, बोलताना हातवारे करणारा माणूस. बाबारावजींच्या वावरात फवारताना तो पडला. बाबारावजी म्हणजे माझ्या दुकानाचे मालक — गाळा त्यांचा, मी भाडेकरू. देविदासला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सोबत त्याचा भाऊ रमेश गेला. बायको सुनीता आठव्या महिन्यात होती, डॉक्टरांनी तिला प्रवास करूच नको म्हणून सांगितलं होतं.

पाचव्या दिवशी भर दुपारी ती माझ्या दुकानात आली. रमेशकडे टच फोन होता, तिच्याकडे बटनांचा. म्हणाली, "रफीकभाऊ, मले त्यायचं तोंड पाहाचं हाय. होते का हो तुमच्या मशीनवर?"

मी व्हिडिओ कॉल लावून दिला. तिला खुर्चीवर बसवलं, मी मागं उभा राहिलो. लागायच्या आधी ती वळून म्हणाली, "हे धरून ठेवता येते का? लेकराले दाखवीन मंग." मी रेकॉर्डिंग सुरू केलं. टिक केली. मला ती टिक आजही दिसते.

अकरा मिनिटं चालला तो कॉल. नाकात नळी, डोळे अर्धे मिटलेले. आधी त्यानं विचारलं, कोंबड्या झाकते की नाही. मग म्हणाला, "तू धुकट दिसून राह्यली मले." ती हसली — रडू नये म्हणून माणूस हसतो ना, तशी. मग अचानक स्पष्ट बोलायला लागला.

"लोकं म्हनतीन मी दारू पिऊन फवारलं. थेंब घेतला नव्हता, सुनीता. मालकानं दोन औषधं एकाच टाकीत कालवून देल्ली. मी म्हनलो, मालक, वास लय उग्र हाय, डोळे जळून राह्यले. तं म्हने, आजच्या आज उरकून टाक, उद्या वारा सुटन. मी दोनदा म्हनलो."

दोनदा म्हणलो — हे त्यानं परत एकदा सांगितलं. मग खोकला आला आणि रमेशनं फोन काढून घेतला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी देविदास गेला.

त्याला माती देऊन आठवडाही झाला नसेल, बाबारावजी दुकानात आले. नेहमीसारखे बाकावर बसले. चहा घेतला. तुम्हाला वाटेल, त्यांनी मला धमकावलं असेल. नाही. गाळा खाली करून घेईन म्हणाले नाहीत, डोळे वटारले नाहीत. फक्त विचारलं, "तू ते फोनचं शूटिंग केलं म्हने. आवाजबी येते का त्यात?"

आणि मी — विचार करायच्या आधीच — म्हणालो, "नाही जी. निस्तं चित्रच आलं. आवाजाचं राहून गेलं."

"बरं," म्हणाले, आणि गेले.

कुणी मागितलं होतं ते खोटं माझ्याकडं? मी स्वतःहून ताटात वाढून दिलं. गाळ्याची भीती होती? असेल. पण खरं सांगू — तेवढीच नव्हती. मोठ्या माणसानं आपल्याला विचारलं, आणि आपलं उत्तर त्याला आवडावं, एवढंच वाटलं त्या क्षणी. इतक्या हलक्या गोष्टीसाठी.

पण खोटं बोललो म्हणजे आता ते खरं करायला हवं होतं. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी फाइल उघडली. अशा फाइलमध्ये वरती चित्राची पट्टी दिसते, खाली आवाजाची — वेड्यावाकड्या लाटांसारखी. तो खोकला तिथं लाट उंच होती. मी आवाजाच्या पट्टीवर क्लिक केलं आणि ती काढून टाकली. एक बटन. मग मूळ फाइलही पुसली, कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा. मला सगळं नीट येत होतं ना! अर्धवट येत असतं, तर कदाचित काहीतरी उरलं असतं.

चौकशीला तालुक्याहून साहेब आले. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या. सुनीता भिंतीला टेकून बसली होती, पोट घेऊन. तिनं सगळं सांगितलं — दोन औषधं, उग्र वास, दोनदा म्हणला. रमेशनंही तेच सांगितलं, पण तो घरचाच माणूस. गर्दीतून कुणी म्हणालं, नवरा गेला की बायका असंच बोलतात. साहेबांनी पुरावा विचारला. आणि ती उठून उभी राहिली. किती विश्वासानं बोट केलं तिनं माझ्याकडं!

"रफीकभाऊनं धरून ठेवलं ना सारं. त्यायले इचारा."

मी चालवून दाखवलं. लॅपटॉपवर देविदासचे ओठ हलत होते. साहेब वाकले, आवाजाचं बटन वर-खाली करून पाहिलं. मी म्हणालो, "साहेब, आवाजाची टिक करायची राहिली. होते असं कधी कधी." त्यांनी मान हलवली. मी स्वतः काय ऐकलं, हे त्यांनी विचारलं नाही; मीही सांगितलं नाही. नवरा नशेत होता का, असं पुढं तिलाच विचारलं. तिच्याकडं मी पाहिलं नाही. बाबारावजी मागच्या खुर्चीवर होते — त्यांच्याकडंही नाही. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत बसलो.

कागदावर लिहिलं गेलं: स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. गावात लिहिलं गेलं: दारूमुळे.

तुम्हाला वाटत असेल, तिनं मला शिव्या दिल्या असतील. तेच तर. मुलगी झाल्यावर, सव्वा महिन्यानं, ती तिला घेऊन दुकानात आली आणि ते चित्र मोबाइलच्या कार्डात भरून मागितलं. मी भरून दिलं. म्हणाली, "आवाज नाही तं नाही भाऊ. तोंड तरी दिसते." माझी चूक पोटात घातली तिनं. चूक! आणि मी मान डोलावली.

तेव्हा बोलता आलं असतं. नंतरही, कितीदा. ती दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाताना रोज माझ्या दुकानावरून जायची. बाबारावजी वारले, तेव्हा तर कुणाची भीती उरली नव्हती. तरीही नाही बोललो. मग भीती कुणाची होती — सांगा बरं?

ती मुलगी, नंदा, आता आठवीत आहे. मागच्या महिन्यात शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आली होती. बापासारखीच हातवारे करत बोलते. अंगठा ठेवून झाल्यावर उगाच घोटाळत राहिली. मग म्हणाली, "काका, आई म्हनते तुमी तिथंच उभे होते. बाबाचा आवाज कसा होता हो? आईले इचारलं का ते रडते."

काय सांगायला हवं होतं मी? घोगरा होता, पण खणखणीत. 'दोनदा' म्हणताना दोन बोटं वर केली होती त्यानं. एवढं जरी सांगितलं असतं —

"लाइन खराब होती बेटा," मी म्हणालो. "मलेबी नीट ऐकू नाही आलं."

"असू द्या काका," ती म्हणाली, आणि फॉर्मची पावती घडी करून निघून गेली.

मला ऐकू आलं होतं. अकराच्या अकरा मिनिटं.