विजेने सोडवलेले हात

संत्र्याच्या सालीचा वास आला की मला चिखलदऱ्याच्या पठारावरचं आमचं कॉलेजचं शिबिर आठवतं. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. वर्गातला एक मुलगा, शेंदूरजनाघाटचा, घरच्या बागेतली संत्री घेऊन आला होता. तंबूसमोर बसून तो संत्रं सोलत होता आणि एकेक फोड माझ्या मैत्रिणीच्या हातावर ठेवत होता. मला त्याने अख्खं संत्रं दिलं, न सोललेलं. तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि समोरच्या सागावर वीज कोसळली. कान सुन्न झाले. ते दोघं हात धरून पलीकडच्या दुसऱ्या झाडाकडे पळाले. सर ओरडले, "झाडाखाली काहून पळून राहिले? हात सोडा पहिले! एकावर पडली त दुसराबी जाईन. दूर दूर बसा, पाय जोडून!" मग आम्ही तंबू सोडून खोलगट माळावर लांब लांब उकिडवे बसलो. ती एकीकडे रडत होती, तो दुसरीकडे. भीती मलाही वाटत होती, तरी मनात म्हणत होते, अजून थोडा वेळ कडाड, विजेबाई. परवा अकोल्याला त्या दोघांच्या घरी गेले होते. त्याने बायकोला संत्रं सोलून दिलं, माझ्यापुढे अख्खं ठेवलं. मी खिडकीतून वर पाहिलं. आभाळ अगदी स्वच्छ होतं.