जासिंतची जीभ

दोडामार्गच्या बाजारात जासिंत मासळी वासावरून घ्यायची. ती टोपलीजवळ नुसती वाकली, की विकणारीला कळायचं, हिच्याकडे आज शिळा बांगडा खपायचा नाही. तिच्या हातच्या कढीसाठी पाहुणे मुक्काम लांबवायचे. पण पावसाळ्यात तिला ताप आला, आणि जाताना तो तिच्या नाकातला वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तोवर कढी जिभेवर ऊन पाण्यासारखी लागू लागली. एकदा तर दूध करपलं, तेही शेजारच्या सावित्रीने कुंपणापलीकडून हाक मारून सांगितलं तेव्हा कळलं.

मग जासिंत स्वयंपाक नुसता उरकू लागली, आणि जेवणही. गोव्याला कामाला जाणारा तिचा नवरा जेरी पुढ्यात येईल ते 'बरां झालां' म्हणून खायचा. त्याचंच तिला जास्त वाईट वाटायचं.

नाताळाला मुलगा ब्रॅंडन आणि नवी सून प्रिन्सी म्हापशाहून राहायला आली. सासूच्या हाताची ख्याती ऐकून प्रिन्सी शेगडीजवळ जायलाच बिचकत होती. शेवटी रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर तिने धीर केला. आज कोळंबी आणि भाज्या चायनीजसारख्या परतते म्हणाली. सगळं चिरून झालं, आणि सॉसची बाटली उघडून बघते तर आत बुरशी. दुपारची दुकानं बंद. तिचा चेहरा पडला.

जासिंतला तिची दया आली. सावित्रीने आपल्या बागेतला अननस दिला होता, तो कोपऱ्यात तसाच पडून होता. तो उचलून ती म्हणाली, "हेचो कर सॉस."

प्रिन्सीने अननस किसला. त्यात गूळ, माडाचं व्हिनेगर, ठेचलेली लसूण, भरडलेली सुकी मिरची आणि मीठ घालून उकळत ठेवलं. शेवटी चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून ओतलं. बघता बघता सॉस दाट होऊन चकाकू लागला. तिने चमचा सासूपुढे धरला आणि आंबटपणा पुरेसा आहे का, विचारलं.

"माका काय कळतला? तूच बघ," जासिंत म्हणाली. पण प्रिन्सीने चमचा खाली घेतला नाही.

जासिंतने चाखलं आणि थबकली. पुन्हा चाखलं.

"आंबट लागता गो," ती हळूच म्हणाली. "गोड पण लागता. आणि आता मिरची."

वास गेला होता, पण आंबट, गोड, तिखट जिभेने सोडलं नव्हतं. तिच्या कढीत ते सगळं हलक्या हाताचं असायचं, इथे ते ठसठशीत होतं. तिने आणखी मिरची टाकायला लावली, कढई चांगली तापवली, आणि सुनेच्या शेजारी उभी राहून कोळंबी, फरसबी, गाजर मोठ्या आचेवर भराभर परतून घेतलं. वरून सॉस ओतला.

जेवताना तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. जेरीचा घास हातातच राहिला. त्याने भांडं तिच्याकडे सरकवलं.

"किती दिसांनी परत वाढून घेतलंस गो," तो म्हणाला.

पुढे तिने अशा सॉसांचा नादच घेतला. कोकमाचा करून झाला, करवंदांचा झाला; प्रत्येक वेळी फोन प्रिन्सीला. मे महिन्यात कैरीचा सॉस इतका आंबट झाला, की जेरीने डोळे गच्च मिटले आणि चव बघायला आलेल्या सावित्रीने पाणी मागितलं. जासिंत मात्र हसत हसत भातावर आणखी ओतून घेत होती.