पैठणच्या वाळूचे तीन नमुने

ब्रह्मदेवानं सृष्टीचं काम काढताना आमच्या करारसाहेबांना कागदपत्रं सांभाळायला नेमलं असतं, तर ते काम आज जोत्यापर्यंतही आलं नसतं. ‘आधी पाणी की आधी जमीन, याचा नकाशात उल्लेख नाही, सबब खुलासा होईपर्यंत काम थांबवावे’ असं पत्र त्यांनी पहिल्याच सकाळी धाडलं असतं आणि त्याची पोच देवाच्या सहीनिशी घेतली असती. औरंगाबादेत (तेव्हा शहराचं नाव तेच होतं) छावणीच्या पुढं एका वसतिगृहाचं बांधकाम चाललं होतं. मी ठेकेदाराचा नवा इंजिनिअर, आणि साहेब मालकाच्या बाजूनं करार राबवून घेणारे. म्हणजे आम्ही विटा रचायच्या आणि त्यांनी दर विटेमागे एक पत्र रचायचं, अशी कामाची वाटणी होती.

तोंडी बोलण्यावर त्यांचा काडीइतका विश्वास नव्हता. एकदा अवकाळी पावसानं साइटचं तळं केलं. आमचा मिस्तरी म्हणाला, “साहेब, लई पाऊस हाय, आज काम व्हायचं नाय.” साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून छत्रीखाली उभे होते. शांतपणे म्हणाले, “पाऊस पडतोय, हे तुमचं म्हणणं झालं. लेखी द्या.” मी तिथंच भिजत अर्ज लिहिला. शाई ओघळली, तेव्हा ‘वाचता येईल अशी प्रत जोडावी’ असा शेरा मारून त्यांनी तो परत केला. दुसरी प्रत लिहून होईतो पाऊस थांबला होता.

ऑफिस सुटलं तरी साहेब सुटत नसत. गुलमंडीत शर्टाचं कापड घ्यायला त्यांच्याबरोबर जाण्याचा मूर्खपणा मी एकदा केला. कापड पसंत पडल्यावर ते दुकानदाराला म्हणाले, “धुतल्यावर रंग गेला, तर जबाबदारी कुणाची, ते पावतीवर लिहा.” दुकानदारानं गज खाली ठेवला. “अजी साब, कमीज का कपडा ले रहे कि जमीन की रजिस्ट्री करा रहे?” शेजारची दोन दुकानं हसली. साहेबांनी मात्र तो प्रश्न खराच समजून दहा मिनिटं उत्तर दिलं. पुढं एका रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. वहिनी साहेबांना चौथी पोळी वाढायला आल्या, तर ताटावर हात आडवा! “ठरल्या होत्या तीन. चौथी म्हणजे जादा काम. त्याला आधी मंजुरी लागते.” वहिनी माझ्याकडं वळून म्हणाल्या, “यांच्या मंजुरीची वाट बघत बसले असते ना भाऊ, तर इथं लेकरं उपाशी मेली असती,” आणि तूप लावलेली पोळी ताटात टाकून गेल्यासुद्धा. साहेबांनी ती निमूटपणे खाल्ली. मनात निषेध नोंदवला असणार.

स्लॅबच्या आदल्या दिवशी सकाळी साइटवर पैठणहून काकांचा फोन आला. “तुझ्या दादाला अर्धांगाचा झटका आलाय. अजून बोलतोय, पण डॉक्टर म्हणतात वाचा कधीबी जाईल. लगेच ये.” दादा म्हणजे माझे वडील. ठेकेदार म्हणाला, “स्लॅब टाकून जा. आधी गेलास तर परत येऊ नको.” नोकरीला दोनच महिने झाले होते आणि सगळं घर माझ्यावर होतं. स्लॅब पुढं ढकलणं फक्त साहेबांच्या हातात होतं, म्हणून त्यांच्यापुढं उभा राहिलो. “लेखी द्या,” ते म्हणाले. दिलं. त्यांनी त्यावर लिहिलं, ‘करारात अशी तरतूद नाही. अर्ज नामंजूर.’ मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तासाभरानं साहेब वाळूच्या ढिगापाशी आले. मूठभर वाळू हातात चोळून त्यांनी ठेकेदारासमोरच मला विचारलं, “ही कुठली?”

“पैठणची. गोदावरीची.”

“मातकट वाटते. स्लॅब थांबवा. पैठणला जाऊन नदीतून रोज एक, असे तीन दिवस तीन नमुने घ्या. मजूर पाठवायचा नाही, इंजिनिअरनं स्वतः जायचं.”

“ओ साहेब, सोन्यासारखी वाळू हाय!” ठेकेदार थयथयाट करू लागला. साहेबांनी त्याला फक्त कलमाचा क्रमांक सांगितला.

एसटीत मी पैठण येईपर्यंत धुमसत होतो. बाप असा पडलेला, आणि हा माणूस मला वाळू भरायला पाठवतोय! दादा उशीला टेकून बसले होते. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. मी चिडून सगळं सांगितलं, तर ते हसले. “लई चांगला हाय रे तुझा साहेब,” म्हणाले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन दिवस दादा बोलले. आईला बघायला गेले तेव्हाचं, धरणात गेलेल्या शेताचं, आणि लहानपणी एकदा मला विनाकारण मारलं होतं, त्याचं. “चुकलंच माझं,” म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांची वाचा गेली. पुढं ते वर्षभर जगले, पण बोलले नाहीत.

वाळूच्या तीन पुड्या साहेबांनी न उघडताच खणात टाकल्या आणि ‘वाळू योग्य’ असा शेरा दिला. स्लॅब झाला. पण ठेकेदारानं वर तक्रार केली आणि साहेबांकडं खुलासा मागितला गेला. उभ्या नोकरीत ज्याला कुणी एक चूक दाखवू शकलं नव्हतं, त्या माणसानं आपल्या सुबक अक्षरात उत्तर दिलं, ‘वाळू ओळखण्यात माझी चूक झाली.’ त्याची नक्कल ठेकेदाराच्या हाती लागली. ती त्यानं साइटवरच्या ऑफिसात सगळ्यांना मोठ्यांदा वाचून दाखवली. “बघा, एवढं वय झालं, म्हाताऱ्याला वाळू कळत नाय!” सगळे हसले. साहेब दारातच उभे होते, आणि नोकरीच्या भीतीनं मीही हसलो. दादांचे ते तीन दिवस माझ्याजवळ अजून शब्दन् शब्द आहेत. ते मला कुणी दिले, एवढंच मला तेव्हा सगळ्यांसमोर सांगायचं होतं.