खिळेआप्पांची तिबेटी अक्षरं

बेळगावात आमच्या खासबागेतल्या खिळेआप्पांना तिबेटी वाचता येत नव्हतं, पण ते तिबेटी टाइप करत. छपाईची शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, म्हणून हे नाव. छापखान्यात कॉम्प्युटर आला तरी तेच राहिलं. न वाचता कसं जमतं, असं विचारलं की म्हणत, "आक्का, मी वाचत न्हाय, बघतोय."

हे काम दोल्मानं आणलं. ती दर हिवाळ्यात मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतून बेळगावला स्वेटर विकायला येते. मुलांनो, तुमच्या बाबाचा निळा स्वेटर तिच्याकडचाच. तिच्या वडिलांनी आपल्या मुलखातली गाणी कागदावर उतरवली होती आणि तिला त्यांचं पुस्तक करायचं होतं. त्या लिपीत अक्षराखाली अक्षर रचतात. आप्पांनी वडिलांच्या हस्ताक्षरावरून अशा प्रत्येक रचनेचं चित्र काढलं आणि कॉम्प्युटरमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी एकेक बसवलं. काम देखणं झालं. पण पुस्तक निघण्याआधीच वडील गेले, पुस्तक राहूनच गेलं, आणि पुढे एका पावसाळ्यात ते कागदही भिजून लगदा झाले. गाणी उरली ती आप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. ते त्याला मशीन म्हणत.

बरीच वर्षं त्याची कुणाला काळजी नव्हती. मग दोल्माच्या कॅनडातल्या भाचीनं गाणी मागितली. आप्पांनी फाइल पाठवली, तर तिच्या फोनवर नुसती एबीसीडी उमटली.

"तिचा फोन बिघडला असंल," आप्पा म्हणाले. स्वतःच्या कामात खोट असेल हे त्यांना लवकर पटत नसे.

मी इंग्रजी माहिती शोधून त्यांना वाचून दाखवली. आता जगातल्या बहुतेक लिपींतल्या प्रत्येक अक्षराला कॉम्प्युटरसाठी एक ठरलेला क्रमांक आहे. आप्पांनी क्रमांक इंग्रजी अक्षरांचे वापरले होते आणि वर चित्रं तिबेटी चढवली होती.

"म्हंजे माझ्या मशीनशिवाय हे कुणाला वाचता यायचं न्हाय?"

"नाही."

"आणि मशीन गेलं की?"

मशीन तेव्हाच दोन-तीनदा बटण दाबल्याशिवाय सुरू होत नसे.

आप्पांनी पडद्यावरची गाणी बघून नव्या क्रमांकांनी पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला घेतलं. सवयीनं मराठीसारखं वरच्या अक्षराचा पाय मोडून खालचं जोडायला गेले, तर सगळी अक्षरं एका ओळीत आडवी पडली. दोल्मा हसायला लागली. "आप्पा, सगळ्यांचे पाय मोडलात की."

"आमच्यात पाय मोडल्याबिगर जोडणी होत न्हाय, बाई."

तिबेटीत खाली बसणाऱ्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो, हे मी यादीत पाहून सांगितलं. म्हणजे खाली कोणतं अक्षर आहे ते ओळखणं आलं. नुसतं बघून भागणार नव्हतं. मग संध्याकाळी स्टॉल आवरून दोल्मा येई, आणि आप्पा पहिलीतल्या पोरासारखे तिच्यामागे एकेक अक्षर म्हणत. शेजारचे चेष्टा करत, "आप्पा, लामा होणार काय?" आप्पा मान वर करत नसत.

पहिलं गाणं पुरं झालं आणि दोल्माच्या फोनवर नीट उमटलं. "हे बाबांचं अक्षर न्हाय," ती म्हणाली.

"न्हाय. ह्यो फोनचा हात हाय. बाबांचा हात ठेवला तर गाणं हितंच अडकतंय. तू सांग, काय ठेवू?"

ती फोन घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी दारातूनच म्हणाली, "गाणं." आणि आत येऊन बसली.

हिवाळा संपायच्या आत सगळी गाणी कॅनडाला गेली. भाचीनं एक गाणं गाऊन पाठवलं, अडखळत, मध्येच थांबत. आप्पांनी ते दोनदा ऐकलं आणि मग पहिल्यांदाच अर्थ विचारला.

"याक घरी येईना म्हणून हाका मारत्यात," दोल्मा म्हणाली.

"म्हंजे इतकी वर्सं मी याक बांधून ठेवलतो म्हणा की."

गेल्या वर्षी आप्पा गेले. छापखान्याच्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ते मशीन भंगारात जाताना दोल्मा माझ्या शेजारीच उभी होती. थांबवू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "जाऊ दे, आक्का. त्यात आता काही न्हाय."