अप्पांचं चुकीचं वाचन

माझ्या सासऱ्यांइतकं चुकीचं वाचणारा माणूस उभ्या नांदेड जिल्ह्यात सापडणार नाही. देगलूरला अप्पांचं भुसाराचं दुकान. कपाळावर विभूती, खिशात चष्मा, आणि मांडीवर कायम कुणाचं तरी पोर. पोरांना ‘वाच’ असं त्यांनी जन्मात म्हटलं नाही. ते फक्त मोठ्यानं चुकीचं वाचायचे. लग्नपत्रिका आली की नवरदेवाच्या जागी त्याच्या आजोबांचं नाव घ्यायचे आणि पोरं पत्रिकेवर तुटून पडायची. चांगलं पुस्तक आणलं की ज्वारीच्या कोठीमागं लपवून बजावायचे, “हे मोठ्या माणसांचं हाय, हात लावायचा न्हाई.” संध्याकाळपर्यंत त्या पुस्तकाची पानं ज्वारीच्या भुशानं माखलेली असायची.

आमची मुक्ता सहा वर्षांची असताना ते आमच्याकडे नांदेडला काही दिवस राहायला आले. मी ऑफिसातून दमून यायचो आणि पोरीच्या हातात मोबाइल देऊन मोकळा व्हायचो, हे इथं कबूल करतो. अप्पांनी मोबाइलबद्दल चकार शब्द काढला नाही. तिच्याशेजारी बसून त्यांनी सिंहाच्या गोष्टीचं पुस्तक उघडलं. “मग सिंह तुरीचं पोतं घेऊन देगलूरच्या बाजारात गेला.”

“अप्पा, सिंह कुठं तूर विकतो का?”

“इथं लिहिलंय ना.”

“न्हाई लिहिलं!”

“मग तूच बघ माय. माझा चष्मा सापडून न्हाई राहिला.”

चष्मा खिशातून डोकावत होता. पोरगी मात्र ओळीवर बोट ठेवून, अडखळत, रागारागानं खरी गोष्ट वाचू लागली. मोबाइल सोफ्यावर एकटाच वाजत राहिला. ते असेपर्यंत ती रोज भांडायची, रोज वाचायची, आणि पुढं अप्पा दर सुट्टीत नव्या चुका घेऊन यायचे.

ती पाचवीत गेली, शिष्यवृत्तीची परीक्षा आली आणि माझ्या अंगात बाप संचारला. मी गोष्टीची सगळी पुस्तकं पोत्यात भरून माळ्यावर टाकली आणि तिच्यादेखत अप्पांना म्हणालो, “आता चुकीचं वाचणं पुरे करा. अशानं परीक्षा पास होत नसते.” “हाव, बरोबर हाय जावईबापू,” अप्पा एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघून गेले. पुढंही ते आले, पण कोपऱ्यात बसून पेपर वाचायचे. मनातल्या मनात, अगदी बरोबर. बरोबर वाचणारे अप्पा मला बघवत नसत. तरी पोतं मी खाली काढलं नाही.

मुक्ता आता लातूरला हॉस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. मागच्या महिन्यात भेटायला गेलो, तेव्हा विचारलं, “गोष्टीबिष्टी वाचतेस का गं?” ती हसली. “पप्पा, तुम्ही विचारून राहिलाव?” त्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

गेल्या रविवारी पोतं माळ्यावरून काढलं आणि देगलूर गाठलं. अप्पांना आता खरंच दिसत नाही. खाटेशेजारी बसून मी सिंहाची गोष्ट वाचायला घेतली. दोन पानं झाल्यावर ते म्हणाले, “लई नीट वाचताव जावईबापू. कोण ऐकल असलं?” तेवढ्यात मुक्ताचा फोन आला, हॉस्टेलवर रविवारीच दहा मिनिटं बोलू देतात. मी स्पीकर लावला आणि धीर करून वाचलं, “मग सिंह तुरीचं पोतं घेऊन देगलूरच्या बाजारात गेला.”

पलीकडून आवाज चढला, “पप्पा! तसं न्हाई लिहिलेलं!”

“मग काय लिहिलंय माय?” अप्पा उठूनच बसले.

ती सांगू लागली. मी पानावर बोट ठेवून ऐकत होतो. इतक्या वर्षांनी एक शब्दही इकडचा तिकडं नव्हता. अर्ध्या पानावर तिची वेळ संपली आणि फोन बंद झाला. अप्पा चाचपडत माझा गुडघा थोपटून म्हणाले, “पुढच्या रविवारी कुठं चुकायचं, ते आत्ताच बघून ठेवा.”