चौथीतली बकरी

त्या वर्षांत आमच्याकडच्या शालेय नाट्यस्पर्धांमध्ये शेवटी बाप मरायचाच. पातूर तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या नाटकातही तो मेला, आणि त्याला मारणारा मीच होतो. लेखन माझं, दिग्दर्शन माझं. वर्तमानपत्रं रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्या छापत होती, पाहुणे तेच बघायला येत होते आणि मला बक्षीस हवं होतं. आज हे सरळ लिहितो, कारण तेव्हा मी याला समाजप्रबोधन म्हणत असे.

दिग्दर्शन मला येत नव्हतं. जमिनीवर खडूने गोल काढायचे, ज्याने त्याने आपल्या गोलात उभं राहायचं, वाक्य आधी मी म्हणायचं आणि पोरांनी ते माझ्याच चालीत म्हणायचं. ‘आई’ म्हटलं की उजवा हात वर, ‘धरणी’ म्हटलं की दोन्ही. एवढीच माझी विद्या. पण शेवटी पांढऱ्या चादरीजवळ बसून जिला रडायचं होतं, ती तिसरीतली मुलगी काही केल्या रडेना. चादरीखालचा पोरगा शिंकला की ही खदखदून हसायची. डोळ्यांखाली बाम लावून पाहिला, तर तिने तो पुसून त्या पोराच्याच नाकाला फासला.

अकोल्याला प्रयोगाच्या वेळी मी पडद्यामागे तिच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, “तुझे बाबा आज घरी आलेच नाहीत, असं समज.”

ती रडली. अशी रडली की परीक्षकांनी चष्मे काढले. पडदा पडला, निकाल लागला, तरी तिचं थांबेना. मी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि पहिल्या बक्षिसाची ढाल घ्यायला मंचावर गेलो.

पुढच्या आठवड्यापासून ती शाळेत येईना. मग एक दिवस तिचे वडील वर्गाच्या दाराशी आले. चप्पल बाहेर काढून उभे राहिले.

“सर, पोट्टी मले वावरात जाऊ देत नाई. सकाळी उठली का पायाले धरते. गेलोच त मागं मागं येते न दिवसभर वावराच्या धुऱ्यावर बसून राह्यते. नाटकात काय सांगतलं तुमी इले?”

“काही नाही,” मी म्हणालो. “लहान आहे. होईल ठीक.”

ते खाली बघत निघून गेले. मी फळ्यावर राहिलेलं गणित पूर्ण केलं.

दोन-अडीच महिन्यांनी ती परत आली, पण बसायची दाराजवळ, रस्ता दिसेल अशी. हसणं बंद. पुढच्या वर्षी ती चौथीत गेली आणि अमरावतीहून विभागीय स्पर्धेचं पत्र आलं. आदल्या वर्षीच्या विजेत्या शाळांना तिथे थेट प्रवेश होता.

मुख्याध्यापक खूश. “सर, तेच बसवा. पोट्टी तयार हाये आयती. एकदम ओरिजिनल रडते!”

“ते नाटक मी पुन्हा करणार नाही.”

“मंग काय लावणी बसवता?”

“हसायचं काहीतरी बसवतो.”

“गावात काय चालू हाये, पाहून राहिले ना तुमी? लोक तोंडात शेण घालतीन आपल्या.”

“घालू द्या,” मी म्हणालो. मुख्याध्यापकांना मी इतकं उद्धट कधी बोललो नव्हतो. मला बरं वाटलं.

गोल पुसून टाकले. पोरांनाच विचारलं, कशाचं नाटक करायचं? सगळे ओरडले, बकरीचं. गावात एक बकरी होती, ती घराघरांत शिरून हाती लागेल ते खायची. आम्ही त्या बकरीवर गावाला खटला भरायला लावला. त्या तालमींत मला हळूहळू एक गोष्ट कळली. लेकराला ‘दुःखी हो’, ‘आनंदी हो’ असं सांगायचं नसतं. त्याला काम द्यायचं असतं. हरवलेली टोपी शोध. दार लागत नाही, ते लाव. चेहरा आपोआप येतो, आणि तो त्याचा स्वतःचा असतो.

ती दारातून तालीम बघायची. एकदा जवळ येऊन म्हणाली, “मले बोलाचं नाई.”

“मग बकरी हो. बकरी कुठे बोलते?”

“बकरीनं काय कराचं?”

“कागद दिसला की खायचा. अर्ज, चिठ्ठी, माझं हजेरीपत्रक. दिसेल तो.”

“खराखुरा?”

“तोंडात धरायचा. गिळायचा नाही.”

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. वडील अंगणात फवारणीचा पंप धूत होते. अकोल्याला मी तिच्या कानात काय म्हणालो होतो आणि नंतर त्यांच्याशी कसा खोटं बोललो, ते सगळं सांगितलं.

ते पंप धूतच राहिले. मग म्हणाले, “मले तवाच वाटलं होतं. आता काय कराले लावता तिले?”

“बकरी.”

“घरी काय कमी मेंमें करते?” ते हसले नाहीत, पण पाण्याचा गडू माझ्याकडे सरकवला. “तिलेच इचारा. म्या हो म्हणून काय होते? अमरावतीले माह्यं काई येनं होत नाई.”

अमरावतीला निघायच्या सकाळी जीप शाळेसमोर उभी होती. तिचे वडील पाठीवर पंप घेऊन समोरून वावराकडे गेले. वळणाआड होईपर्यंत ती बघत राहिली. मग जीपमध्ये चढली आणि खिडकीसाठी दोघांशी भांडली.

प्रयोग रंगात आला होता. सरपंचाचा अर्ज खाऊन झाला, हजेरीपत्रक खाऊन झालं, आणि मंचावर कागद उरला नाही. बकरीने इकडेतिकडे पाहिलं. तीन पायऱ्या उतरून ती सरळ परीक्षकांच्या टेबलाशी गेली, गुणांचा तक्ता दातांत धरला आणि चघळत वर आली. सभागृहात नुसता कल्लोळ.

मुख्य परीक्षक उभे राहिले. “थांबवा! ही काय शिस्त? आधी तिला माफी मागायला लावा.”

आमचे मुख्याध्यापक विंगेतून खुसफुसले, “सॉरी म्हन बेटा, सॉरी म्हन!”

कागद तोंडात तसाच धरून ती माझ्याकडे बघत होती. मी मंचावर गेलो.

“ती माफी मागणार नाही. कागद दिसेल तो खा, असं मीच सांगितलंय. तिने काम चोख केलं.”

“अशा दिवसांत तुम्हाला हे सुचतं?”

“अशाच दिवसांत सुचतं,” मी म्हणालो आणि पोरांकडे वळलो. “चालू द्या.”

खटल्याचा प्रवेश पुढे सुरू झाला. न्यायाधीश झालेल्या पोराने बकरीला शिक्षा सुनावली, तेव्हा ती इतकी हसली की तक्ता तोंडातून खाली पडला. मी तो उचलला नाही.

आम्हाला स्पर्धेतून बाद केलं. महिनाभराने शिक्षण कार्यालयातून माझ्याकडे लेखी खुलासा मागवला गेला. तिथल्या लिपिकाने जवळचा माणूस म्हणून सल्ला दिला, “सर, ‘दिलगीर आहे’ एवढं लिहा ना बाप्पा. मिटून जाईन.”

दिलगीर मी होतो, आजही आहे, पण त्या नाटकाबद्दल नाही. ज्याबद्दल आहे ते जिथे बोलायचं तिथे बोलून झालं होतं. मी एकच ओळ लिहिली: बकरी दिग्दर्शकाच्या सूचनेप्रमाणे वागली. खाली सही केली आणि वर्गावर गेलो.