साडेतीन तास सोडून दिलेलं पाणी

माझा धाकटा भाऊ पाणीपुरवठा खात्यात फिटर आहे. सव्वीस वर्षं झाली. चिखलात उभं राहून पाइप जोडताना पायांना कायमच्या भेगा पडल्यात. बायको गेल्यापासून दुपारचं जेवण माझ्याकडेच. खात्यातले त्याला 'थांबा' म्हणतात. काम झालं का विचारलं की हा हमखास म्हणणार, "थांबा, बघतो." असा माणूस निलंबित झालाय, कशासाठी, तर पाणी वाया घालवलं म्हणून! ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं असं. मोठा पाइप फुटला, तोही गटाराला अगदी खेटून. सकाळी अकराला दुरुस्ती संपली, पण तोवर घाण आत शिरलेली. ती धुऊन काढायची तर खालच्या टोकाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी रस्त्यावर सोडून द्यावं लागतं. भाऊ दर पंधरा मिनिटांनी काचेच्या नळीत ते पाणी धरायचा, औषधाचे थेंब टाकायचा. पिवळं झालं म्हणजे घाण गेली, क्लोरीन टिकलंय, घरोघरी सोडायला हरकत नाही. पण ते काही पिवळं होईना.

आणि इकडे लोकांचे हंडे दोन दिवस कोरडे! डोळ्यांदेखत पाणी वाहून जातंय म्हटल्यावर भडकणारच. कोणी शिव्या घातल्या, माझ्या शेजारणीने मोबाइलवर व्हिडिओ काढला. खोटं कशाला बोलू, मीही फोन करून त्याला झापलं. "अरे, भांडी पडलीत माझी!"

"ताई, थांब," म्हणाला.

व्हिडिओ साहेबांपर्यंत पोचला. साहेबांचा फोन आला, "बंद करा, आत्ताच्या आत्ता!" हा म्हणाला, "साहेब, लेखी द्या." साहेब कसले लेखी देतात! मग हा बाबा व्हॉल्व्हची चावी मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिला. अडीचला नळीतलं पाणी पिवळं झालं, तेव्हा कुठे त्याने घरोघरी पाणी सोडलं.

गेल्या आठवड्यात चौकशी झाली. तिथलं सगळं त्याने जेवताना सांगितलं. वहीतल्या नोंदी दाखवल्या, तर चौकशीचे साहेब म्हणे, "या तुम्हीच लिहिल्यात ना?" मग विचारलं, "त्या भागात कोणी आजारी पडलं?"

"एकही नाही, साहेब."

"मग पाणी चांगलंच होतं की!"

फोन करणारे साहेब शेजारीच बसलेले. तोंडातून चकार शब्द काढला नाही मेल्याने! नोकरीवरून काढून टाकावं, अशी शिफारस झाली. पेन्शनला चार वर्षं उरली असताना!

माझा तोल गेला. "पडायलाच हवे होते आजारी!" मी ओरडले. "दोन-चार पोरं दवाखान्यात गेली असती म्हणजे उघडले असते सगळ्यांचे डोळे!"

भाऊ ताटावरून उठला. साहेबापुढे ज्याचा आवाज चढला नाही, तो माझ्यावर कडाडला, "ताई! कोणाच्या पोरांबद्दल बोलतेयस तू?" आणि उष्ट्या हातानेच चपला घालून निघून गेला.

आज आठवा दिवस. तो जेवायला आलेला नाही, फोन उचलत नाही. चुकलंच माझं, पण राग काही जात नाही. काल व्हिडिओवाली शेजारीण भरलेली कळशी कमरेवर घेऊन दारात उभी राहिली. "भाऊ दिसत नाहीत हल्ली?" म्हणाली.

मी तिच्या तोंडावर दार आपटलं.